वरून सातवा फोल्डर

दादरला मी ध्वनिमुद्रणाचा वर्ग घेतो. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, "सर, गाणं करायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" यंदा वर्गाच्या चालकांनी मलाच कामाला लावलं. चार सॉफ्टवेअरांच्या ब्राउझरची तुलना करा आणि एक पानभर तक्ता द्या, म्हणाले. हा ब्राउझर इंटरनेटचा नव्हे. स्क्रीनच्या कडेला एक यादी असते. आपल्याकडे साठवलेले आवाज आणि ते आवाज बदलणारी, सजवणारी छोटी सॉफ्टवेअरं, म्हणजे प्लगइन, त्या यादीतून शोधून काढायची असतात. काम सोपं होतं. पण बसलो आणि पहिल्याच रकान्याशी अडलो, कारण हा तक्ता माझा एकदा करून झालेला आहे. तो माझ्याकडून करून घेतला होता गजादादांनी.

गजानन तावडे. राहायला लालबागला, वडील गिरणीत, मूळ गाव मालवणच्या अलीकडे कुठेतरी. गिरगावात एका वाडीत तळमजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका छापणारा छापखाना आणि मागे हे. यंत्र चालू असलं की दादांची भिंत थरथरायची, म्हणून छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत ते ध्वनिमुद्रण करायचे आणि स्वतः तीन वाजता जेवायचे. मालिका, नाटकं, जाहिराती यांना लागणारे बारीकसारीक आवाज पुरवणं हा त्यांचा धंदा. दार लागलं, भांडं पडलं, कोणी जिना चढलं, की ते दार, ते भांडं आणि तो जिना बहुतेक वेळा गजादादांचा असायचा.

आवाज ते स्वतः गोळा करत. मच्छीमार नगरात वाळत घातलेले बोंबील हलवून त्यांनी जो खरखराट आणला होता, त्यावर निदान सहा मालिकांमधल्या झोपड्या जळाल्या. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. करवतीचा आवाज हवा होता. तासभर उभे राहिले आणि घेतला काय, तर करवत थांबल्यावर भुसा खाली बसतो तो आवाज. मला काहीच ऐकू आलं नाही. वखारवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब बरे आहेत ना?" दादांना ते ऐकू गेलं. परतताना बसमध्ये ते एकटेच हसत होते.

फाइलींना नावं देण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. बाकीचे लोक 'दार १', 'दार २' लिहितात. दादांकडे 'दार, पेडणेकरांचं, रागाने' आणि 'दार, पेडणेकरांचं, पाहुणे गेल्यावर' अशा दोन फाइली होत्या. पाळणेही दोन होते. एक 'पाळणा, सावंतांचा, भरलेला' आणि दुसरा 'पाळणा, सावंतांचा, रिकामा'. सावंत त्यांचे शेजारी. मूल पाळण्यात असताना एकदा ध्वनिमुद्रण केलं आणि मूल उचलून घेतल्यावर पुन्हा एकदा. रिकाम्या पाळण्याची कडी वजन नसल्यामुळे वेगळी वाजते, शेवटी जराशी अडखळते. "हा आवाज लागेल कधीतरी," ते म्हणायचे. वीस वर्षं तो कोणाला लागला नव्हता.

मी त्यांच्याकडे आलो तेव्हा चांगला पस्तिशीचा होतो. बँकेतली नोकरी सोडून या धंद्यात शिरलो होतो आणि घरचे माझ्याशी धड बोलत नव्हते. दादांनी पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही. समोर तबला ठेवला. "एक तरी कायदा बोटात हवा. मग बाकीचं शिक." तबल्यावर बोलांची जी बांधणी सगळ्यांना आधी शिकवतात तोच कायदा. धा धा ति ट, धा धा तू ना. त्यांची शिकवण्याची रीत अशी की पहिली ओळ ते वाजवणार आणि हात वर धरून थांबणार. दुसरी ओळ समोरच्याने द्यायची. ता ता ति ट, धा धा धी ना. ती येईपर्यंत त्यांचा हात तसाच. मला बराच वेळ लागायचा, पण त्यांनी कधी घाई केली नाही आणि माझ्या ऐवजी दुसरी ओळ कधी वाजवली नाही.

पाच वर्षांमागे एका दुपारी ते म्हणाले, "उदय, सॉफ्टवेअर बदलायचं म्हणतोय. चार नवी उतरवून घे. आपण ब्राउझर बघू."

"फक्त ब्राउझर? बाकी काही नाही?"

"बाकी सगळ्यांचं सारखंच असतं रे. सापडतं किती पटकन ते बघायचं."

मग आठवडाभर आमचं ते चाललं. मी वही घेऊन बसायचो आणि ते विचारायचे. प्रश्न ऐकून मला हसू यायचं. यादीच्या तळाला गेलं की ती आपोआप परत वर जाते का, की तळालाच थांबते? बाण दाबला की आवाज लगेच वाजतो का? वाजत असताना पुढचा बाण दाबला तर आधीचा तुटतो की दोन्ही एकदम वाजतात? माउस काढून टाकला तर काय काय अडतं? आणि सगळ्यात जास्त वेळा, "आज वरून सातवा आहे तो उद्याही सातवाच राहणार ना?"

प्रत्येकाला त्यांनी नाव ठेवलं. पहिलं होतं वाण्याचं दुकान. डाव्या हाताला सगळा माल मांडलेला, अक्षर टाइप केलं की नेमकी वस्तू पुढे. मला तेच आवडलं होतं. पण हल्ली काय वापरलं ते लक्षात ठेवून ते यादी खालीवर करायचं, म्हणून दादांनी ते नापास केलं. दुसरं कचेरी. काहीही मागा, वेगळी खिडकी उघडून कामावर आडवी येणार. तिसरं मॉल. प्लगइनचे रंगीत फोटो, आवाजांना 'उदास', 'उबदार', 'अंधारं' अशा चिठ्ठ्या आणि कुठे खाली जावं तर ते बाजूला सरकायचं. तिथे प्लगइन कंपन्यांच्या नावाने लावलेले पाहून ते वैतागले. "जेवायला बसल्यावर डबा कुठल्या कंपनीचा ते कोण बघतं? आमटी कशात आहे ते सांगा." चौथं सगळ्यात दरिद्री. चित्र नाही, रंग नाही, नुसती नावांची यादी. त्याला ते रेशनचं दुकान म्हणाले आणि तेच घेतलं.

"दादा, हे सगळ्यांत मागासलेलं आहे," मी म्हणालो.

"असू दे. इथे रांग मोडत नाही."

कारण मला चार महिन्यांनी कळलं. सकाळी अकराच्या सुमाराला मी आत आलो. दादा खुर्चीत ताठ बसून काम करत होते. बोटं बाणांवर, खाली, खाली, उजवीकडे, एंटर. स्पीकरवर जिना वाजला, मग दार. सगळं जागच्या जागी पडत होतं. आणि समोरची स्क्रीन काळी होती. झाडणाऱ्या बाईच्या हातून मागची वायर निघाली असणार. तासभर तरी ते असेच काम करत होते.

"दादा, स्क्रीन बंद आहे," मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले. म्हणाले, "दार लाव आणि बस."

दादांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणूनच बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचे. तसं बघितलं की तोंड जरा तरी दिसायचं. आम्हाला वाटायचं, काय मन लावून ऐकतात. अक्षर वाचणं दोन वर्षांपूर्वीच संपलं होतं. मोबाइल त्यांना वाचून दाखवायचा, पण गाण्याच्या सॉफ्टवेअरांतली यादी त्या वाचणाऱ्याला बहुतेक ठिकाणी कळतच नाही. म्हणून दादांनी सगळे फोल्डर आकडे घालून एका क्रमाने लावले आणि पाठ केले. पाचवा मिरवणुकांचा, सहावा माणसांचा, सातवा घरचा. नऊशे आवाज त्यांना पत्त्यासकट पाठ होते. किती वेळा खाली आणि कितव्याला एंटर, एवढ्यावर ते जगत होते.

"वहिनींना माहीत आहे?"

"अर्धं. तिला वाटतं चष्म्याचा नंबर वाढलाय." मग म्हणाले, "ही गोष्ट बाहेर गेली की मला कोणी काम देणार नाही, उदय. दया करतील, चहा पाजतील, पण काम नाही देणार. आणि कामाशिवाय मी घरात बसून करू काय? मला भिंत पण दिसत नाही बघायला."

मी शपथ वगैरे घेतली नाही, पण कोणाला सांगितलंही नाही. त्या दिवशी त्यांनी मला मशीनचा पासवर्ड दिला. कधी स्क्रीनवर काही प्रश्न आला तर तो वाचून उत्तर द्यायला घरचं कोणीतरी हवं म्हणून. पासवर्ड म्हणजे त्याच कायद्याची पहिली ओळ, इंग्रजी अक्षरांत, सलग. तो आम्हा दोघांनाच ठाऊक होता. एकच ताकीद दिली. "अपडेट करू का म्हणून विचारेल, सारखं विचारेल. 'नंतर' म्हणायचं. 'हो' कधीच नाही."

दोन वर्षं मी 'नंतर' म्हणालो.

मग एका रविवारी मी 'हो' म्हणालो. मला माझं स्वतःचं एक काम होतं, एका जाहिरातीचं. त्यात वापरायचा प्लगइन जुन्या सॉफ्टवेअरवर चालेना. दादा गावाला गेले होते. स्टुडिओची किल्ली माझ्याकडे होती. मनात म्हटलं, तासाभराचं काम आहे, दादांना कळणारही नाही. पासवर्ड विचारला, मी घातला. झाल्यावर दादांचे फोल्डर तपासले. सगळे होते, त्याच क्रमाने, आकड्यांसकट. एक जादा ओळ त्यांच्या डोक्यावर आली होती, 'आवडते' नावाची, पिवळा तारा लावलेली. ती मी पाहिली. छान दिसतेय असंही वाटलं. डोळे असलेल्या माणसाला एका ओळीने काय फरक पडतो? मी माझं काम उरकलं आणि कुलूप लावून निघालो.

बुधवारी मोघे मॅडम आल्या, एका मालिकेच्या दिग्दर्शिका. बरोबर संकलक आणि निर्मात्यांकडचे दोघे. प्रसंग असा होता की बाळ गेलेलं आहे आणि आई रिकामा पाळणा हलवत बसली आहे. मॅडमनी सांगितल्याबरोबर दादांचा चेहरा उजळला. "माझ्याकडे आहे," ते म्हणाले. वीस वर्षं सांभाळलेली फाइल आज निघणार होती. गिऱ्हाइकासमोर ते आवाज आधी वाजवून बघत नसत. ती सोय बंद करून ठेवत. थेट जायचं, उचलायचं, चित्राखाली ठेवायचं. लोक थक्क होत आणि दादांना ते आवडायचं.

यादीच्या डोक्यावर गेले. सात वेळा खाली, उजवीकडे, तीन वेळा खाली, एंटर. चित्र चालू केलं. आईने पाळण्याला हात लावला आणि नाट्यगृह हसलं. 'हशा, मागच्या रांगा.' तीनशे माणसांचा खदखदून हशा.

खोलीतले लोकही हसले. चूक कोणाची होत नाही? दादाही हसले. "बोट घसरलं," म्हणाले. त्यांनी तो आवाज काढून टाकला, परत वर गेले आणि या वेळी सावकाश मोजलं. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. सात, उजवीकडे, तीन, एंटर. पुन्हा आईने हात लावला आणि पुन्हा तीनशे माणसं हसली. आता खोलीत कोणी हसलं नाही.

मला कळलं होतं, पहिल्याच वेळी. 'दादा, एक खाली,' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण ते म्हटलं की मॅडमना कळलं असतं दादा मोजतात, आणि दादांना कळलं असतं अपडेट झालंय. त्यांचं गुपित राखायला मी गप्प बसलो, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी माझ्यासाठी गप्प बसलो.

तिसऱ्या वेळी दादांना वाटलं असावं की बोट एकदा जास्त पडतंय. ते सहाच वेळा खाली गेले. आईने पाळण्याला हात लावला आणि लग्नाच्या वरातीचा बँड सुरू झाला.

दादांनी बँड थांबवलाही नाही. तो आपला वाजत राहिला. शेवटी संकलक वाकला, माउस घेतला आणि बंद केला. मोघे मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, स्क्रीनवर नाव लिहिलंय ना समोर. 'वरात' असं." मग त्यांनी दादांच्या तोंडाकडे बघितलं, दादा त्यांच्या कानाकडे बघत होते, आणि बाईंना समजलं. त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आज आराम करा." अगदी मायेने म्हणाल्या.

सगळे गेले, दादा खुर्चीतच होते. मग विचारलं, "वर काही आलंय का रे?"

"एक ओळ आलीय. 'आवडते' म्हणून. अपडेट झालेलं दिसतंय." माझी जीभ तिथेच थांबायला हवी होती. "आपोआप झालं असेल."

"आपोआप," ते म्हणाले. "असेल."

मालिकेत पुढे तो प्रसंग लागला तेव्हा मी बघितला. नेटवरून कुठला तरी पाळणा उतरवून घातला होता. गंजलेल्या बिजागरीसारखा वाजत होता.

त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. लोक भेटायला आले, चहा प्यायले आणि काम घेऊन कोणी आलं नाही. सहा महिन्यांत स्टुडिओ बंद झाला. छापखानेवाल्याने ती खोली घेऊन तिथे कागद रचला. मशीन लालबागला घरी आलं आणि वहिनींनी त्यावर चादर घातली. मला दादरच्या वर्गाचं काम मिळालं, ते दादांच्याच शब्दामुळे. हे त्यांनी मला सांगितलं नाही. वर्गाच्या चालकांकडून कळलं.

मी लालबागला जात राहिलो, आधी महिन्याने, मग सणावारी. जिना चढताना दर वेळी ठरवायचो की आज सांगून टाकायचं. दादा दर वेळी तो विषय काढायचे आणि तोही वेगळीकडून. "हल्ली ही सॉफ्टवेअरं न विचारता अपडेट होतात का रे?" "विंडोज करत असेल काय ते?" मी काहीतरी सांगायचो. ते मान हलवायचे आणि माझ्या कानाकडे बघत राहायचे. त्यांच्या बोलण्यात राग कधी नसायचा. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर गेलो. त्यानंतर अडीच महिन्यांनी दादा गेले, झोपेत, त्यामुळे माझी ती शेवटची भेट. दार वहिनींनी उघडलं. "खंय होतस इतके दीस?" म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. दादा खिडकीशी लाकडी पलंगावर बसले होते. आता कडेचंही फारसं दिसत नव्हतं. पायांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

इकडचं तिकडचं झालं. वर्गाचं विचारलं. मग म्हणाले, "उदय, त्या मशीनचा पासवर्ड काय होता रे? माझ्या ध्यानातून गेलाय."

चाळीस वर्षं तबल्यावर हात असलेला माणूस पहिल्या कायद्याची पहिली ओळ विसरलो म्हणून सांगत होता. ते काय विचारत आहेत ते मला स्वच्छ कळलं. अपडेट करताना पासवर्ड लागतो हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तो कोणाकोणाला माहीत होता हेही. कबूल करायला दर भेटीत दार उघडून ठेवलं होतं त्यांनी, आजही.

"नाही दादा," मी म्हणालो. "मलाही नाही आठवत आता."

"बरं," ते म्हणाले.

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही प्यायलो. दादांनी बशीतला शेवटचा घोट नेहमीसारखा आवाज करत घेतला. मी उठलो, त्यांच्या पाया पडलो. वहिनी म्हणाल्या, "येत रव." मी दाराबाहेर येऊन चपला घालायला वाकलो.

आतून आवाज आला. दादा पलंगाच्या कडेवर बोटांनी वाजवत होते, अगदी सावकाश, नव्याने शिकणाऱ्याला कळावं तसं. धा धा ति ट, धा धा तू ना. ओळ संपली आणि त्यांनी हात वर धरला.

मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. वळणावरून उघड्या दारातून आतलं अजून दिसत होतं. त्यांचा हात तसाच वर होता.